मानाचं विसण

मराठीत विसण नावाचा एक शब्द आहे. आंघोळीच्या कढत पाण्यात जे गार पाणी मिसळतात, ते विसण. उलटं केलं, म्हणजे आधी गार पाणी घेऊन त्यात कढत ओतलं, तर त्या ओतण्याला काय म्हणायचं याची सोय भाषेने केलेली नाही. ज्याला शब्द नाही ते करायचं नसतं, असा आपल्याकडे साधारण नियम आहे. आमच्या पेणला, हिरामणच्या घरात, तो जरा जास्तच कडक होता.

हिरामणचा गणपतीचा कारखाना आहे. पुढे पत्र्याची शेड, मागे घर आणि दोन्हींच्या मध्ये नहाणी. नहाणीच्या दाराशी तांब्याचा बंब. तो मूर्तींच्या खोक्यांच्या उरलेल्या फळ्यांवर पेटतो, त्यामुळे पाणी फुकट आणि उकळतं मिळतं. घरात गीझर आहे. पण तो पाहुण्यांना दाखवायचा आहे.

पाण्याचं खातं हिरामणची बायको जनी हिच्याकडे. तिचा नियम असा, की बादलीत आधी गरम पाणी पडणार, मग विसण. मनस्वी रोह्याजवळच्या वरसे गावातून सून होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने बादली नळाखाली धरून अर्धी भरली आणि मग बंबाकडे नेली. जनीने ती बादली तिच्या हातून घेतली, अंगणात पालथी केली आणि राखेने घासून काढली.

"पयलं थंड घालतात ते मयताला गो," ती म्हणाली. "आपल्या घरात मानसं जिती हायत."

मनस्वी बी. कॉम. झालेली. बी. कॉम.च्या अभ्यासक्रमात मयताचं पाणी येत नाही, त्यामुळे तिच्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून तीही आधी गरम घेऊ लागली. घरात शांतता नांदली. पाच वर्षं नांदली, म्हणजे चांगलीच म्हणायची.

पुढे माघातल्या एका सकाळी काय झालं ते सांगतो.

मनस्वीचा नवरा हितेश रोह्याला कंपनीत फर्स्ट शिफ्टला गेला होता. हिरामण शेडमध्ये शाडू मळत होता. मनस्वीने बंबाची तोटी सोडून बादली भरली, नहाणीत नेऊन ठेवली आणि विसण आणायला अंगणातल्या नळावर गेली. नहाणी ते नळ हे अंतर काही फार नाही. पुतळीला मात्र तेवढं पुरलं. पुतळी ही तिची चार वर्षांची मुलगी. नाव पणजीचं, पण मूर्तिकाराच्या घरात शोभतं म्हणून बालवाडीतही तेच लावलेलं. पुतळीचा निळा मग बादलीत पडला होता. आपला मग असा कुणाच्याही बादलीत राहू देणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं. तिने बादलीच्या काठावर पोट टेकवलं आणि उजवा हात कोपरापर्यंत आत घातला.

बादली कलंडली ती मोरीच्या बाजूला. नाहीतर ही गोष्ट सांगायला मी बसलो नसतो.

मनस्वीने पोरीला उचललं आणि थेट नळाखाली धरलं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आगीसारखं काहीतरी झालं की पाण्याकडे धावायचं, एवढंच तिला सुचलं. नळाची धार हातावर पडली न पडली तोच जनी धावत आली आणि तिने नळ बंद केला.

"पानी नको लावू. फोड येल."

आणि मग आमची आळी आली. अशा वेळी आमची आळी मागे राहत नाही. कुणी टूथपेस्ट आणली, तीही मिंटवाली, कारण साधीपेक्षा ती थंड. कुणी हळद आणली. मिठागरावर जन्म घालवलेल्या एका काकांनी मिठाच्या पाण्याचा आग्रह धरला. पण त्यांच्या बाजूने कुणी बोललं नाही, त्याबद्दल ते अजून नाराज आहेत. टूथपेस्ट लागली. तिच्यावर हळद लागली. तेवढ्यात हिरामण दोन्ही ओंजळी भरून ओला शाडू घेऊन आला, आणि गर्दीने आपोआप वाट दिली.

शाडू थंड असतो. शिवाय त्याचे गणपती होतात. औषधात याहून जास्त काय पाहिजे? हिरामणने नातीचा हात बोटांपासून कोपरापर्यंत लिंपला. हातात चाळीस वर्षांची सवय. बोटांमधल्या खाचासुद्धा त्याने ओल्या ब्रशने फिनिश केल्या. पुतळी रडून रडून दमली होती, ती आता नुसती हुंदके देत होती. "बघा, आराम पडला," असं सगळ्यांचं एकमत झालं. हात असा काही सुबक झाला होता की रंगकाम तेवढं बाकी होतं. शेडच्या दाराशी शाडू भिजवायची दोन पिंपं गार पाण्याने काठोकाठ भरलेली होती. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, कारण ती शाडू भिजवायची होती.

दवाखाना जवळच होता. डॉक्टरीणबाईंचं नाव शीतल. आईवडिलांनी नाव ठेवताना पुढचा विचार केला असावा. त्यांनी पुतळीचा हात उजेडात धरून सगळीकडून पाहिला.

"हे कुणी केलं?"

"मी," हिरामण म्हणाला. बक्षीस समारंभात म्हणतात तसं, खाली बघून.

"काम छान आहे," डॉ. शीतल म्हणाल्या. "आता हे वाळायच्या आत काढावं लागेल. खाली कातडी किती राहिली आहे ते काढल्यावर कळेल. नळ नव्हता का घरात?"

"हाय ना. दोन हायत."

"मग वीस मिनिटं नळाच्या धारेखाली हात धरायचा होता. बर्फ नाही, पेस्ट नाही, हळद नाही. नुसतं साधं पाणी. मग स्वच्छ फडकं सैलसर गुंडाळायचं आणि इकडे आणायचं."

"बस एवढंच?" हिरामण म्हणाला. त्याच्या आवाजात खरोखरची निराशा होती. त्याचंही बरोबर आहे. एवढीशी पोर भाजली, आळी गोळा झाली, आणि करायचं काय, तर नळ सोडून उभं राहायचं. एवढ्या सगळ्या माणसांनी जायचं कुठे?

"आई होती ना तिथं," डॉ. शीतल म्हणाल्या. "तिने काय केलं होतं?"

मनस्वीने जनीकडे बघितलं. जनी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत राहिली.

पुतळीला नवी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात, जळीत विभागात हलवलं. तळहाताची कातडी खोलवर गेली होती. मांडीची कातडी काढून तिथे लावली. मग तिथल्या डॉक्टरांनी हितेश आणि मनस्वीला बसवून समजावलं, की भाजलेली जागा भरताना आक्रसते. हात आपोआप मिटत जातो, बोटं आत ओढली जातात आणि एकदा का ती तशीच राहिली, की पुन्हा ऑपरेशन. म्हणून तळवा उघडा ठेवायचा. झोपताना पट्टी बांधायची, दिवसा घट्ट हातमोजा घालायचा आणि रोज बोटं ताणायची. पोर रडणार. तरी ताणायची. किती महिने, ते हातालाच विचारा.

पट्टी बांधलेला तो उघडा हात बघून हिरामण हॉस्पिटलात पहिल्यांदा रडला. "आशीर्वादाचा हात हाय," तो हितेशला म्हणाला. "मी रोज करतो तो."

भेटायला माणसं येत होती. पेणहून येत होती, रोह्याहून येत होती. प्रत्येक जण नारळपाणी आणि एक वाक्य आणायचा. वाक्य असं, की पोरांकडे लक्ष ठेवावं लागतं. शब्द बदलायचे, पण लक्ष तेच. हे लक्ष नावाचं प्रकरण मोठं सोयीचं आहे. ते विकत आणावं लागत नाही, त्यासाठी घरातली एकही वस्तू जागची हलवावी लागत नाही, आणि ते नेहमी आईचंच कमी पडतं. बंबाचं लक्ष नव्हतं असं कुणी म्हणालं नाही.

सोळा माणसांनी लक्षाबद्दल सांगून झाल्यावर सतरावी जनी होती.

"नळ पाच पावलांवर होता गो," ती म्हणाली. "तेवढंबी लक्ष नाय राह्यलं तुजं."

मनस्वीने नारळपाण्याची बाटली खाली ठेवली. "आई, थंड पाणी आधी असतं ना बादलीत, तर माझं लक्ष नसतं तरी चाललं असतं."

डिस्चार्जच्या दिवशी गाडी पेणला थांबली नाही. वडखळ, गडब, नागोठणे मागे टाकून ती थेट वरशाला गेली, मनस्वीच्या माहेरी. फोनवर तिने सासूला एकच सांगितलं. "बादलीत आधी थंड पाणी पडेल, त्या दिवशी आम्ही दोघी येतो."

"मंग नको येऊ," जनी म्हणाली आणि फोन ठेवून कोपऱ्यात जाऊन बसली.

भांडणं जमिनीवरून होतात, दागिन्यांवरून होतात. पेणचं घर मोडायला निघालं ते आंघोळीच्या पाण्याच्या क्रमावरून, आणि हे बाहेर सांगायची कुणाला सोय नव्हती. "सून कुठं हाय?" असं कुणी विचारलं की हिरामण म्हणायचा, "हातमोज्याचं माप घ्यायला." तीन महिने माप चाललं. हितेशची मात्र चंगळ झाली. शिफ्ट सुटली की रोह्याहून वरशाला सासुरवाडीत चहा, मग शेवटच्या एसटीने पेणला आईच्या हातचं जेवण. दोन्हीकडे तो "तुझं बरोबर आहे" एवढंच बोलायचा. वजन वाढलं त्याचं.

हिरामणची मात्र कामात चूक होऊ लागली. नात शेडमध्ये नसली की त्याला मूर्तींचे डोळे जमेनात. शेवटी त्याने खांब गावच्या पोपटशेठला फोन लावला.

पोपटशेठने हे लग्न जमवलं होतं, म्हणून मोडू न देण्याची जबाबदारीही त्याचीच. तसा तो रेती-विटांचा धंदा करतो. पण त्याचा खरा व्यवसाय मध्ये पडणं हा आहे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तो दोनदा पडला, म्हणून लोक त्याला अनुभवी मानतात.

मे महिन्यातल्या एका रविवारी वरशाला बैठक बसली. हिरामण आणि जनी पेणहून आले. रिकाम्या हाताने व्याह्यांकडे कसं जायचं, म्हणून गडबला गाडी थांबवून दोन कलिंगडं घेतली. मनस्वीचे वडील कृष्णाभाऊ यांनी अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. हितेश दोन्ही पक्षांच्या मधोमध, चहाच्या ट्रेजवळ बसला.

"तर विषय असा हाय," पोपटशेठने सुरुवात केली, "की पानी."

"विषय पोरीचा हात हाय," कृष्णाभाऊ म्हणाले.

"हात पान्यात गेला. म्हंजे पानीच."

"विहीणबाई," कृष्णाभाऊ जनीकडे वळले, "आमच्याकडं कोन बघत नाय पयलं काय घातलं ते. आमी जिते हाव."

"तुमच्याकडं बाथरूममंदी नळ हाय दोन. एक गरम, एक थंड. तुमाला रीत कशाला लागते?"

"मग तुम्ही गीझर लावा ना चालू," मनस्वी म्हणाली.

"त्यो पावन्यांचा हाय," हिरामण आणि हितेश एकदम म्हणाले.

यावर पोपटशेठने एक कप चहा मागवला. चहा येईपर्यंत पुतळी आतून आली. उजव्या हाताला कातडीच्या रंगाचा घट्ट मोजा. तिची बोटं ताणायची वेळ झाली होती आणि बैठक आहे म्हणून मनस्वी ती वेळ चुकवणार नव्हती. तिने मोजा काढला, पोरीचा तळवा खुर्चीच्या सपाट हातावर ठेवला आणि वरून एकेक बोट हळूहळू दाबत सरळ करू लागली. पुतळीने ओठ आत घेतले. रडली नाही, पण नाकातून आवाज येत होता. चार बोटं टेकली. करंगळी टेकली नाही. आकड्यासारखी वर राहिली. मनस्वीने ती पुन्हा दाबली, आणि पुतळी ओरडली.

हिरामण पुढे वाकला होता. "दुखतं का गो बाय?"

"दुखतं," पुतळी म्हणाली. "तू नको बघू इकडं."

हिरामणने कलिंगडाकडे बघितलं. मग जनी बोलली, तेही कुणाकडे न बघता.

"माज्या सासूला मी घातलंय ते पानी. पयलं थंड, मंग गरम. धाकट्या दिराला घातलं, त्यो तर पंचवीसचा बी नव्हता. माज्याच हातानं. मना म्हायती हाय गो लोक म्हनतात तसं काय व्हत नाय. पन बादलीत थंड पडल्याचा आवाज आला का मना त्योच दिसतो. त्याच हातानं मी पोरीला न्हाऊ घालू कशी?"

मनस्वीचा हात पुतळीच्या करंगळीवर तसाच थांबला. या मुद्द्याला तिच्याकडे उत्तर होतं, पण ते तिने दिलं नाही. बैठकीत एवढ्या वेळात झालेलं हे पहिलं शहाणपणाचं काम.

इथे पोपटशेठ खुर्चीत सरळ बसला. दोनदा पडलेल्या माणसालाच सुचेल असं काहीतरी त्याला सुचलं होतं.

"वहिनी, रीत काय सांगते? पयलं गरम पडायला पायजे. बरोबर?"

"व्हय."

"किती?"

"म्हंजे?"

"किती गरम? बादलीभर, का तांब्याभर, का फुलपात्रभर? रीतीत माप हाय का?"

जनीने विचार केला. हिरामणने विचार केला. हितेशनेही केला, पण त्याचा उपयोग नव्हता. माप कुणालाच आठवेना.

"झालं तर," पोपटशेठ म्हणाला. "लग्नात मानाचा नारळ एकच असतो. बाकीचे नारळ खोबऱ्याला. तसं पयलं गरम मानाचं. एक फुलपात्र, बादलीच्या बुडाला. रीत झाली. मंग थंड, अर्धी बादली. मंग उरलेलं गरम, वरून, लागंल तसं. वहिनी, गरम पयलं पडलं का नाय?"

"पडलं."

"मनस्वी, पोर आत पडली तर भाजंल का?"

"तेवढ्याने नाही."

"मंग कलिंगड कापा."

पण मनस्वीने कापू दिलं नाही. तिला बादली आणि फुलपात्र घेऊन प्रत्यक्ष करून बघायचं होतं. कृष्णाभाऊंच्या अंगणात भर मे महिन्याच्या उन्हात सहा मोठी माणसं एका बादलीभोवती उभी राहिली. जनीने फुलपात्रातून गरम पाणी ओतलं. ते बादलीच्या बुडाला जेमतेम पसरलं. सगळ्यांनी आत वाकून बघितलं आणि गरम पाणी पडल्याची खात्री करून घेतली. मग कृष्णाभाऊंनी थंड ओतलं. आवाज झाला तेव्हा पोपटशेठ मुद्दाम मोठ्याने खोकला. नंतर कढत पाणी पडलं आणि मनस्वीने आपलं कोपर बुडवून बघितलं.

"आणि नहाणीला कडी," ती म्हणाली. "वर, हिचा हात पोचणार नाही अशी. पाणी तयार होईपर्यंत पोर बाहेर."

"लावतो," हिरामण म्हणाला.

"आणि पुन्हा कुणी भाजलं तर नळ. शाडू नाही."

हिरामण थोडा घुटमळला. "नाय तर नाय."

"टूथपेस्ट?" जनीने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"टूथपेस्ट दाताला, आई."

त्याच संध्याकाळी मनस्वी आणि पुतळी पेणला आल्या. बैठकीत दोन्ही पक्ष जिंकले होते. असं झालं की समजावं, काम झालं आहे आणि कुणालाही काही मान्य करावं लागलेलं नाही. आमच्या तालुक्यातली बरीच कामं अशीच होतात आणि त्यातली फार थोडी इतकी उपयोगी असतात.

पुढचं थोडक्यात. हिरामणच्या घरी आंघोळीचं पाणी बदललं ही गोष्ट आळीत दुसऱ्या दिवशी पसरली. शेजारच्या हरेशची बायको गरोदर होती, ती जनीकडे विचारायला आली, की हे आधी फुलपात्रभर गरम कशाला? जनी सुपातले तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जुनी रीत हाय आमची. मानाचं विसण म्हनतात. माजी सासू असंच घालायची." विसण खरं तर गार पाण्याला म्हणतात, पण शब्द मिळाला म्हटल्यावर हरेशच्या बायकोने ते घरी जाऊन सासूला सांगितलं. सासू म्हणाली, आमच्याकडे पण पूर्वी होतं ते, मध्यंतरी बंद पडलं. आता आळीतल्या सात-आठ घरांत ही प्राचीन रीत पाळतात. फुलपात्र तांब्याचंच हवं की स्टीलचं चालतं, यावरून सध्या दोन गट आहेत. त्या घरांतलं एकही पोर तेव्हापासून पाण्याने भाजलेलं नाही. पण त्याचं श्रेय तांब्याला जातं.

पुतळीची चार बोटं सरळ झाली. करंगळी राहिली. पोर वाढेल तशी ती आणखी ओढली जाईल आणि मग एक ऑपरेशन लागेल, असं डॉ. शीतल म्हणाल्या. हिरामण त्या वेळी नुसता मान हलवत होता. यंदा त्याच्या कारखान्यातून मुंबईला गेलेल्या एका मूर्तीच्या आशीर्वादाच्या हाताची करंगळी जराशी वाकलेली निघाली. गिऱ्हाइकाने फोन करून विचारलं. "नवीन डिझाइन हाय," हिरामण म्हणाला.

सकाळी जनी बादली घेऊन बसते. पुतळी कडीच्या बाहेर, उंबऱ्यावर उभी असते.

"आजी, मानाचं घातलंस?"

"घातलं."

"मंग थंड?"

"थंड बी घातलं."

"कोपर बुडवलंस?"

"बुडवलं गो माजे आये. ये आता."

तरी पुतळी लगेच आत येत नाही. वाकून बादलीत बघते, वाफ येते का ते. नाही आली, की निळा मग उचलते. डाव्या हाताने.